फुप्फुसातलं पाणी मोजायला मांडीत नळी: सही करावी का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत, बरीच वर्षं शुगर आहे. लघवीच्या इन्फेक्शनचं सेप्सिस झालं, म्हणजे इन्फेक्शनचा परिणाम अंगभर झाला, आणि ते कराडच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूत आहेत. पहिल्या दिवशी बीपी लागत नव्हतं म्हणून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या. तिसऱ्या दिवशी धाप लागली, व्हेंटिलेटरवर घेतलं. आता सांगतात फुप्फुसात पाणी झालंय, म्हणून लघवी वाढवणारं लासिक्स चालू केलंय. दादा चिडलाय. म्हणतो, यांनीच पाणी भरलं आणि आता काढायचे पैसे घेतायत. सकाळचे डॉक्टर म्हणतात, मांडीच्या धमनीत नळी घालून फुप्फुसातलं पाणी नेमकं मोजता येईल, सही करा. रात्रीचे डॉक्टर छातीची सोनोग्राफी करतात आणि म्हणतात एवढं पुरे. कुणाचं ऐकायचं? आणि पाणी झालंय तर सरळ सुईने काढून का टाकत नाहीत? बाबांची उंची ५ फूट ६ इंच, वजन ९२ किलो.
– एक मुलगी, कराड

उत्तर: ताई, तुमचा मेल आला त्याच रात्री दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं. इथे ते सविस्तर देते. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यांचे कागदही पाहिलेले नाहीत. त्यामुळे हो की नाही हे तिथल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरणार. पण काय बोलायचं, ते सांगू शकते.

सही करण्याआधी सकाळच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "आकडा जास्त आला तर तुम्ही काय कराल, आणि कमी आला तर काय कराल?" दोन्हींची उत्तरं वेगळी आली आणि त्या फरकाने बाबांचे आजचे उपचार बदलणार असतील, तर नळीला अर्थ आहे. "दोन्ही वेळेला लासिक्स चालूच ठेवू" असं उत्तर आलं, तर रात्रीच्या डॉक्टरांची सोनोग्राफी पुरेशी आहे. हा प्रश्न उद्धटपणाचा मुळीच नाही. चांगल्या आयसीयूत सकाळच्या राउंडला सीनियर डॉक्टर ज्युनियरांना हेच विचारतात.

आता सुईचं. सुईने जे पाणी काढतात ते फुप्फुसाच्या बाहेर, फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामधल्या आवरणात साठलेलं असतं. टीबीत, लिव्हरच्या आजारात आपल्याकडे ते नेहमी दिसतं. "अमक्याच्या छातीतून दीड लिटर पाणी काढलं आणि तो घरी आला" असं तुम्हाला आत्तापर्यंत दोघा-तिघांनी सांगितलं असेल, ते या पाण्याबद्दल. बाबांचं पाणी, तुम्ही लिहिलंय त्यावरून, फुप्फुसाच्या आत आहे: हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंतींमध्ये आणि त्या पिशव्यांत. अशा पिशव्या कोट्यवधी असतात. सुईने ओढायला एका जागी साठाच नसतो. ते पाणी शरीराने स्वतः शोषून घ्यावं लागतं. पिशव्यांच्या पेशी सोडियम आत ओढतात, सोडियममागे पाणी जातं, आणि पुढे रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या ते वाहून नेतात. याला दिवस लागतात. लासिक्स फुप्फुसातून पाणी उपसत नाही. ते लघवीवाटे रक्तातलं पाणी कमी करतं, त्यामुळे फुप्फुसातल्या नसांमधला दाब उतरतो आणि नवं पाणी पाझरणं मंदावतं. म्हणून लघवीच्या पिशवीत तीन लिटर दिसले तरी त्याच संध्याकाळी व्हेंटिलेटर निघेल असं समजू नका. बाहेरचं आणि आतलं, दोन्ही पाणी एकाच पेशंटला असू शकतं. सोनोग्राफीत ते चटकन कळतं, तेव्हा रात्रीच्या डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या. बाहेर बरंच साठलं असेल तर सुईचा विचार नक्की होईल.

दादाच्या रागाकडे येते, कारण पत्रातला खरा भार तिथे आहे असं मला वाटलं. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात आणि आतून फाटल्यासारख्या होतात, बीपी कोसळतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक सूचना सांगतात की अशा वेळी पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे निदान ३० मिली सलाईन द्यावं. ९२ किलोच्या माणसाला सरळ हिशेबाने ते पावणेतीन लिटर होतं. अर्ध्या लिटरच्या पाच-सहा बाटल्या. पहिल्या दिवशी तुम्ही बाटल्यांवर बाटल्या पाहिल्या, ते एवढ्यावरून चूक ठरत नाही. त्या दिल्या नसत्या तर किडनी आणि मेंदूपर्यंत रक्त पोचलं नसतं. पण माठ पाझरतो तशा या दिवसांत रक्तवाहिन्या पाझरतात, आणि दिलेल्या पाण्यातला मोठा भाग ऊतींमध्ये आणि फुप्फुसात उतरतो. सेप्सिसमुळे फुप्फुस स्वतः सुजलं असेल तर कमी सलाईन देऊनही हे होऊ शकतं.

तरीही दादाचा प्रश्न सगळा फेकून देण्यासारखा नाही. पहिला दिवस संपल्यावर पाणी किती गेलं, हे विचारायला हवं. बीपी सावरल्यावरही बाटली "चालू आहे म्हणून चालू" राहते, असं आयसीयूत घडतं. अँटिबायोटिक १०० मिलीत, पोटॅशियम आणखी कशात, नाकातल्या नळीने फीड वेगळं. कुणी मुद्दाम देत नसतं, पण दिवसाची बेरीज लिटरच्या घरात जाते. आयसीयूत प्रत्येक पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट असतो. रोज किती गेलं, किती आलं, आणि भरती झाल्यापासूनची एकूण बेरीज अधिक की उणे, हे दादाला तिथल्या डॉक्टरांसोबत बसून पाहू द्या. आयसीयूच्या दारात आवाज चढवण्यापेक्षा त्या एका कागदातून जास्त कळेल.

संशोधन काय सांगतं तेही दादाला सांगा. सेप्सिसमुळे बीपी कोसळलेल्या पेशंटवर २०२२ आणि २०२३ मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, एक युरोपात आणि एक अमेरिकेत, प्रत्येकी दीड हजारांहून जास्त पेशंट. सुरुवातीच्या सलाईननंतर पुढे कमी पाणी द्यायचं की मोकळ्या हाताने, अशी तुलना होती. दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. "जास्त सलाईनने बिघडवलं" असं छातीठोकपणे म्हणता येत नाही ते यामुळे. पण फुप्फुस एकदा सुजलं आणि बीपी सावरलं की पाणी आखडतं घेतलेलं बरं, हे २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवलं. त्यात एक हजार पेशंट होते. कमी पाण्याच्या गटात मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नाहीत, पण ती माणसं व्हेंटिलेटरवरून लवकर सुटली. म्हणजे आधी सलाईन आणि मग लासिक्स, हा क्रम दिसतो तितका उलटसुलट नाही. आजाराची पायरी बदलली की उपचार बदलतो.

आता मोजायचं कसं. एक्स-रे तुम्हाला दाखवला असेल, दोन्हीकडे पांढरट ढग. आयसीयूतला एक्स-रे पेशंट पडून असताना काढलेला, त्यात पाणी बरंच वाढल्यावर दिसतं, आणि ते पाणी आहे, न्यूमोनिया आहे की फुप्फुस मिटलंय हे खात्रीने सांगता येत नाही. हाता-पायांच्या सुजेवरून तर अंदाजच बांधू नका. अंग सुजलेलं असून फुप्फुस कोरडं असतं, उलटही असतं.

सोनोग्राफीची गंमत वेगळी आहे. फुप्फुसात हवा, आणि हवेतून सोनोग्राफीच्या लहरी जात नाहीत, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी होत नाही असं आम्ही कॉलेजात शिकलो. पॅरिसजवळच्या आयसीयूत काम करणाऱ्या डॅनियल लिश्टेनश्टाईन या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की फुप्फुसाच्या भिंतीत पाणी आलं की पडद्यावर वरून खालपर्यंत जाणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि श्वासाबरोबर हलतात. त्यांना बी-लाइन्स म्हणतात. दोन बरगड्यांमधल्या एका जागी तीन किंवा जास्त दिसल्या तर त्या दखल घेण्याजोग्या. छातीचे दोन्ही बाजूंचे मिळून १२ भाग पाहायचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३६. कोरड्या फुप्फुसाची बेरीज शून्याच्या आसपास येते. सुई नाही, रेडिएशन नाही, दहा मिनिटांचं काम, आणि हवं तर दिवसातून चार वेळा करा. रात्रीचे डॉक्टर हे नियमाने करत असतील आणि आकडा लिहून ठेवत असतील, तर तुम्ही नशीबवान आहात.

तिच्या मर्यादाही आहेत. रेघा दिसल्या म्हणजे पाणीच असं नाही. न्यूमोनियात त्या दिसतात, जुन्या फायब्रोसिसमध्ये (फुप्फुस कडक होण्याच्या आजारात) दिसतात, आणि पावसाळ्यात कोकणातून येणाऱ्या लेप्टोच्या पेशंटमध्ये तर कधी ते फुप्फुसात झिरपलेलं रक्त असतं. बाबांचं वजन ९२ किलो, त्यामुळे चित्र थोडं धूसर येणार. आणि पाणी मिलीत किती, ते सोनोग्राफी सांगत नाही. (दादाने ओळखीच्या डॉक्टरांचं पोर्टेबल मशीन आणून "दुसरं मत" घ्यायचं सुचवलं, तर त्याला थांबवा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी ठरलेल्या जागेवर असते, बाहेरून उचलून आणलं तर हॉस्पिटल अडचणीत येतं. दुसरं मत जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे, पण चार्ट, रिपोर्ट आणि फोटो दाखवून.)

मांडीतली नळी मिलीतला आकडा देते. बाबांच्या मानेत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, असेलच. तिच्यातून साधारण १५ मिली बर्फासारखं थंड सलाईन झटक्यात सोडतात. ते हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात, तिथून डाव्या बाजूत आणि मग मांडीच्या धमनीत पोचतं. तिथल्या नळीच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर असतो. थंडी फक्त रक्तातून जात नाही, वाटेत फुप्फुसात साठलेल्या पाण्यातही शिरते. पाणी जितकं जास्त, तितकी ती रेंगाळते. तापमानाच्या त्या आलेखावरून मशीन हिशेब करतं. सहसा तीनदा करून सरासरी घेतात. पिको नावाची यंत्रणा यासाठी बरीच वापरली जाते. फुप्फुसाच्या बाहेरचं, सुईने काढायचं पाणी या आकड्यात धरलं जात नाही. जपानमध्ये मरणोत्तर तपासणीत फुप्फुसांचं प्रत्यक्ष वजन करून पडताळलं, तेव्हा या पद्धतीचा अंदाज चांगला जुळला होता. म्हणजे आकडा खोटा नाही.

निरोगी माणसात हे पाणी दर किलोमागे साधारण ३ ते ७ मिली असतं. १० च्या वर गेलं की फुप्फुसाला सूज आहे असं धरतात. इथे तुमच्या बाबांसाठी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हा भागाकार खऱ्या वजनाने करायचा नसतो, उंचीवरून काढलेल्या वजनाने करायचा असतो, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस मोठं होत नाही. ५ फूट ६ इंच पुरुषाचं ते वजन ६४ किलोच्या आसपास येतं. समजा, मशीनने ७७० मिली दाखवलं. ९२ ने भागलं तर साडेआठच्या आत, म्हणजे "थोडं वाढलंय". ६४ ने भागलं तर १२, म्हणजे ठळक सूज. एकच फुप्फुस, दोन निष्कर्ष. मशीनमध्ये उंची बरोबर टाकली आहे ना, हे विचारायला संकोच करू नका. पडून असलेल्या माणसाची उंची अनेकदा अंदाजाने लिहिलेली असते. त्यांच्या आधार कार्डावर उंची नसते, पण जुन्या इन्शुरन्स मेडिकलच्या कागदांत बहुधा सापडेल.

नळी आणखी एक गोष्ट सांगते: पाणी हृदय थकल्यामुळे मागे तुंबलंय की रक्तवाहिन्या गळत असल्यामुळे. फुप्फुसातलं पाणी आणि फुप्फुसातलं रक्त यांचं गुणोत्तर काढतात. ते ३ च्या वर असेल तर गळतीकडे बोट जातं, २ च्या खाली असेल तर हृदयाकडे. बाबांना शुगर आहे, वय ६६, त्यामुळे हृदयाचा प्रश्न रास्त आहे. पण त्यासाठी आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली का ते विचारा. पुष्कळदा तेवढ्यावर उत्तर मिळतं.

मग एवढा अचूक आकडा मिळतो, तर सगळ्यांनाच नळी का नको? आकडा जास्त असलेले पेशंट जास्त दगावतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण आकडा पाहून उपचार केल्याने माणसं वाचतात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तितकं उत्साहवर्धक नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये १०१ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसातलं पाणी मोजून सलाईन ठरवलेल्या गटाचे व्हेंटिलेटरचे आणि आयसीयूचे दिवस कमी झाले. पुढे चीनमध्ये ३५० पेशंटवर याच नळीच्या आकड्यांनुसार उपचार करून पाहिले, २०१५ मध्ये निकाल आला: मृत्यूच्या प्रमाणात फरक नाही. शिवाय मांडीच्या धमनीत नळी म्हणजे रक्तस्राव, इन्फेक्शन, क्वचित पायाचा रक्तपुरवठा अडणं, हे धोके आले. सेप्सिसमध्ये रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट बऱ्याचदा कमी झालेल्या असतात, त्यांचा आजचा आकडा विचारा.

माझं मत विचाराल तर असं. बाबांचं बीपी चढवायचं औषध, नॉरऍड्रेनलिन, अजून मोठ्या डोसवर असेल आणि त्याच वेळी ऑक्सिजनही वाढवावा लागत असेल, तर डॉक्टर खऱ्या कात्रीत आहेत. बीपीला पाणी हवंय, फुप्फुसाला नकोय. लासिक्स दिलं तर बीपी पडेल, सलाईन दिलं तर धाप वाढेल. अशा वेळी डोळ्यांनी आणि अंदाजाने ठरवणं अवघड जातं, आणि तिथे मी स्वतः नळी घालायचा आग्रह धरते. किडनी बंद पडून डायलिसिसवर किती पाणी ओढायचं हा पेच असेल तरीही. पण नॉरऍडचा डोस उतरत असेल, व्हेंटिलेटरवरचा ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या आसपास आला असेल आणि लघवी होत असेल, तर बाबा योग्य दिशेने चाललेत. तिथे नळीने एक सुंदर आकडा मिळेल आणि उपचार तेच राहतील. त्या स्थितीत मी सही करू नका म्हणेन, आणि सकाळच्या डॉक्टरांना त्याचा राग येऊ नये.

या दोन्हींतलं नेमकं काय आहे ते तुम्हाला दहा मिनिटांत कळेल. सकाळच्या आणि रात्रीच्या दोन्ही डॉक्टरांना एकत्र भेटायची वेळ मागा, संध्याकाळी ड्युटी बदलताना ते शक्य असतं. घरातून एकानेच बोलायचं, माझ्या मते तुम्ही. दादाला सोबत न्या, त्याला वगळलंत तर राग आणखी वाढेल. नळी घालायची ठरली तर खर्च आधीच विचारा. कॅथेटर एकदाच वापरायचं असतं आणि ते बिलात वेगळं लागू शकतं. हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत असेल तर आरोग्यमित्राला भेटून पॅकेजमध्ये काय बसतं ते पाहा. आणि नळी घातली तर एका आकड्यावर काही ठरत नाही, आज, उद्या, परवा तो उतरतोय का हे पाहायचं. रोज भेटीच्या वेळी मॉनिटरकडे बघत बसू नका. चार गोष्टी विचारून वहीत लिहा: बेरीज अधिक की उणे, ऑक्सिजन किती टक्के, नॉरऍडचा डोस किती, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) व पोटॅशियम किती. लासिक्सने पोटॅशियम घसरतं आणि किडनी कोरडी पडू शकते, म्हणून शेवटचे दोन महत्त्वाचे.

नळ्या निघाल्या की मावशी शहाळं घेऊन येतील, काका घरचं ताक. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं असेल तर तेही त्याच मोजणीत धरायचं, आणि किडनी पूर्ण सावरली नसेल तर शहाळ्यातलं पोटॅशियम त्रास देऊ शकतं. सिस्टरना विचारल्याशिवाय एक घोटही नको. घरी सोडताना लासिक्सची गोळी दिली तर किती दिवस घ्यायची, कुठल्या वजनाला थांबवायची आणि रक्ताची तपासणी पुन्हा कधी करायची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घ्या. तोंडी सांगितलेलं आठवड्यात कुणाच्याच लक्षात राहत नाही.